आबांची मुळी आणि परळची प्रयोगशाळा : सापाच्या औषधांची परीक्षा कशी झाली?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेली एक-दोन वाक्यं इथे जोडली आहेत.)

हेडफोन लावून झोपायच्या तयारीत असाल तर आधीच सांगते, आजचा विषय साप आहे. पण भीतीचा एपिसोड नाही. हा एका मुळीचा इतिहास आहे.

मी उमरेडची. नागपूरच्या आग्नेयेला, पन्नासेक किलोमीटरवर. बाहेरच्या लोकांना उमरेड माहीत असतं ते कोळशाच्या खाणीमुळे, नाहीतर कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे. आमच्या घरासाठी मात्र उमरेडची आणखी एक ओळख होती : आबांची मुळी. माझे आजोबा शेतकरी. पण आसपासच्या गावांतून रात्री-बेरात्री लोक त्यांच्या दारात यायचे, साप चावलेल्या माणसाला खाटेवर घालून. स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या खुंटीला एक कापडी पुरचुंडी टांगलेली असायची. त्यात ती मुळी. आबा ती सहाणेवर उगाळायचे, काळी मिरी घालून पाजायचे. पैसे कधी घेतले नाहीत. घेतले तर गुण जातो म्हणायचे.

गेल्या वर्षी मी ठरवलं, आबांवर एपिसोड करायचा. नाव पण ठरलं होतं, 'आबांची मुळी'. विस्मृतीत गेलेलं ज्ञान वगैरे. आजीसमोर मोबाईल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "आजी, आबांनी किती लोकं वाचवले गं?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वाचले ते सारेच सांगतात बाई. त्या पोरीचं कोनी नाई सांगत."

आणि मग तिने जे सांगितलं, त्यामुळे हा एपिसोड बदलला.

ती पोरगी

श्रावणातली रात्र. आमच्या शेतावर कामाला असलेल्या माणसाची नऊ-दहा वर्षांची मुलगी. जमिनीवर वाकळ टाकून झोपली होती. मध्यरात्री उठली, पोट दुखतंय म्हणून. पायाला काहीतरी चावल्यासारखं वाटलं म्हणाली, पण खूण दिसेना, सूज नाही, रक्त नाही. बापाने उचलून आबांकडे आणलं.

आबांची एक पद्धत होती. आधी कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष नाही. गोड किंवा बेचव लागला तर विष चढलंय. ही परीक्षा महाराष्ट्रात खूप ठिकाणी करतात. कुठे निंब, कुठे मिरची. मुलीने पाला चावला आणि थुंकला. कडू लागला तिला. आबा म्हणाले, काही नाही, घाबरली आहे. तरी मुळी उगाळून दिली आणि घरी पाठवलं.

पहाटे तिच्या पापण्या उघडेनात. बोलणं बोबडं झालं. ट्रक गाठून नागपूरला निघाले, पण रस्त्यातच ती गेली.

"तुया आबानं दोन दिस तोंडात घास घेतला नाई," आजी म्हणाली.

आज त्या रात्रीचं वर्णन कुठल्याही डॉक्टरला सांगा, तो बहुधा एकच नाव घेईल : मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात बारीक, खूण अनेकदा दिसतही नाही, दुखत नाही. सुरुवात कित्येकदा पोटदुखीने होते. तिचं विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. जिभेच्या चवीशी याचा संबंधच नाही. म्हणजे निंबाचा पाला शेवटपर्यंत कडूच लागणार. आबांची परीक्षा प्रामाणिक होती, पण ती चुकीचा प्रश्न विचारत होती.

मग बाकीचे लोक वाचले कसे?

हा प्रश्न मलाही पडला. कारण वाचलेले लोक खोटं बोलत नव्हते. साप चावला, मुळी घेतली, वाचले. तिन्ही गोष्टी खऱ्या.

आता हिशेब बघा. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या विषारी साठेक. आणि माणसं मरतात त्यातले बहुतेक मृत्यू चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. शेतात रोज भेटणारी धामण बिनविषारी. पाण्यातला दिवड बिनविषारी. घरात शिरणारा कवड्या तर दिसायला थेट मण्यारीसारखा, अंगावर तसेच पट्टे, आणि पूर्ण बिनविषारी. अंधारात कंदिलाच्या उजेडात कोण ओळखणार? त्यात आणखी एक गोष्ट : विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो पुरेसं विष सोडतोच असं नाही. याला कोरडा दंश म्हणतात.

म्हणजे वैदूच्या दारात येणाऱ्यांपैकी बरेच जण काही न करताही वाचणारच होते. त्यांना मुळी द्या, ताईत बांधा, नुसतं पाणी पाजा, ते वाचतील आणि श्रेय मिळेल मुळीला. जे वाचणार नव्हते, त्यांच्याबद्दल लोक म्हणतात, "उशीर झाला होता" किंवा "त्याची वेळच भरली होती". जमेची बाजू मुळीच्या खात्यात, खर्चाची बाजू नशिबाच्या खात्यात. असा जमाखर्च ठेवला तर कुठलंही औषध कधीच नापास होणार नाही.

मग पास-नापास ठरवायचं कसं? या प्रश्नाचा एक जुना किस्सा आहे, आणि त्याची सुरुवात भारतातूनच होते.

एक कुत्रा आणि भारतातला खडा

सतराव्या शतकात भारतातून युरोपात एक वस्तू जायची, सर्पमणी. काळसर खडा, नागाच्या डोक्यातून निघतो अशी समजूत. जखमेवर ठेवला की चिकटतो आणि विष ओढून घेतो म्हणायचे. असे खडे आपल्याकडे आजही काही ठिकाणी मिळतात. रोममध्ये अथानासियस किर्चर नावाचा मोठा विद्वान पाद्री होता. त्याच्यासमोर एका कुत्र्याला विषारी साप चाववला, खडा लावला, कुत्रा वाचला. किर्चरची खात्री पटली.

फ्लॉरेन्सच्या दरबारातला वैद्य फ्रान्चेस्को रेडी मात्र एका कुत्र्यावर थांबायला तयार नव्हता. त्याने असे खडे घेऊन पुन्हा पुन्हा प्रयोग केले आणि खडा काही करत नाही असा निष्कर्ष काढला. १६७१ साली त्याने हे सगळं छापलं, आणि छापलं ते थेट किर्चरला लिहिलेल्या पत्राच्या रूपात.

किर्चर मूर्ख नव्हता, आबांसारखाच प्रामाणिक होता. फरक एवढाच, की एकाने एकदा पाहिलं आणि दुसऱ्याने मोजून पाहिलं.

आता हा मोजून पाहण्याचा प्रकार आपल्या झाडपाल्यावर कोणी केला का? केला. आपल्या महाराष्ट्रात, मुंबईत, परळला. आणि करणाऱ्यांपैकी एक मराठी माणूस होता.

परळ, १९३१

परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट तुम्ही ऐकलं असेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचं नाव मिळालं.

तिथे दोन माणसं काम करत होती. एक डॉ. कृष्णाजी श्रीपत म्हसकर. त्याआधी त्यांनी मद्रास इलाख्यात हुकवर्म, म्हणजे आकडीच्या जंतांवर, काम केलेलं होतं. दुसरे फादर कायस, फ्रेंच जेझुइट पाद्री आणि औषधशास्त्राचे अभ्यासक. जंतांवरच्या औषधांपासून या दोघांची जोडी जमली होती. आता त्यांनी सापाच्या औषधांना हात घातला.

काम सोपं नव्हतं. आपल्याकडे सापावर औषध म्हणून सांगितलेल्या वनस्पती किती? संहितांमध्ये वेगळ्या, निघंटूंमध्ये वेगळ्या, प्रत्येक जिल्ह्यातल्या वैदूच्या पिशवीत वेगळ्या. या दोघांनी ३१४ वनस्पती घेतल्या. शिवाय वैद्य लोक एकटी वनस्पती कमी देतात, मिसळून देतात, म्हणून १८४ मिश्रणंही घेतली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. "तुम्ही नुसती मुळी तपासली, आमचा योग वेगळा आहे" असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी योगही तपासले.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर तपासताना त्यांच्यासमोर तीन प्रश्न होते. एक, ही वनस्पती आधीच दिली तर विषापासून बचाव होतो का? दोन, ती विषाचा उतारा आहे का, म्हणजे विषच निकामी करते का? तीन, विष चढल्यावर उपचार म्हणून उपयोग होतो का? बचाव, उतारा, उपचार. तीन संधी दिल्या प्रत्येक औषधाला.

१९३१ मध्ये निष्कर्ष छापून आला, 'इंडियन मेडिकल रिसर्च मेमॉयर्स'च्या मालिकेत. तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. नाही. ३१४ पैकी एकही नाही, १८४ मिश्रणांपैकी एकही नाही. विंचवाच्या नांगीवरच्या वनस्पतीही त्यांनी तपासल्या. तिथेही निराशाच.

आता कोणी म्हणेल, इंग्रजांच्या काळातली संस्था, आपल्या विद्येला कमी लेखायचंच असणार. तर हे ऐका. याच म्हसकरांनी आणि कायस यांनी, फादर ब्लॅटर यांच्यासोबत, 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' या प्रचंड ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९३०च्या दशकात संपादित केली. मूळ ग्रंथ लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तीकर आणि मेजर बामनदास बसू यांचा, १९१८ सालचा. कीर्तीकर मुंबईचे डॉक्टर, झाडांचं अतोनात वेड. भारतातली औषधी झाडं, त्यांची चित्रं, त्यांची भाषाभाषांतली नावं, कुठे काय म्हणून वापरतात, सगळं त्यात आहे. आजही वनस्पतीशास्त्राची मुलं 'कीर्तीकर-बसू' म्हणून तो उघडतात.

म्हणजे ज्या माणसांनी आपल्या झाडपाल्याची सगळ्यात मोठी नोंदवही पुढे नेली, त्याच माणसांनी सांगितलं की सापावर यातलं काही चालत नाही. झाडांवर प्रेम असूनही त्यांनी निकाल लपवला नाही.

त्याच वर्षी, कलकत्त्यात

इथे थांबले असते तर गोष्ट एकतर्फी झाली असती. पण गंमत बघा. तेच वर्ष, १९३१. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक लेख छापला. विषय : सर्पगंधा.

नावातच साप आहे. सर्पगंधाही पिढ्यानपिढ्या सापाच्या औषधांमध्ये मोजली गेली आहे. पण त्या झाडाबद्दल लोक आणखी एक गोष्ट सांगायचे : वेड्याला शांत करते, झोप आणते. सेन आणि बोस यांनी सापाचा प्रश्न बाजूला ठेवला. त्यांनी लिहिलं, हे मानसिक आजारावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी आहे.

त्याच वर्षी दिल्लीत, हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजमध्ये, सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी या मुळीतून शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले. एकाचं नाव हकीमसाहेबांवरून ठेवलं, अजमलीन.

आणि मग गोष्ट पुन्हा मुंबईत येते. डॉ. रुस्तम जाल वकील, हृदयरोगाचे डॉक्टर, के.ई.एम. हॉस्पिटलशी संबंधित. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधाची चाचणी केली. रक्तदाबाची एक सोय असते, तो यंत्राने मोजता येतो. आधी इतका, औषधानंतर इतका. श्रद्धा असो वा नसो, पारा काय ते सांगतो. १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला आणि जगभरातल्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, रेसर्पिन. पुढे अमेरिकेत मनोरुग्णांवर ते वापरलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं.

पण परीक्षा तिथेही संपली नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही लोकांना नैराश्य येतं असं डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे अधिक चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. आणि आपल्या जंगलातली सर्पगंधा इतकी उपटली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

तर एकच झाड. सापाच्या पेपरात नापास, रक्तदाबाच्या पेपरात पास. मला वाटतं आजच्या एपिसोडचं सार इथे आहे. "आयुर्वेद खरा की खोटा?" असा वाद तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज होत असेल. पण त्या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण परंपरा काही एकच विधान करत नाही. ती हजारो विधानं करते : हे झाड या आजारावर, इतक्या मात्रेत, अशा रुग्णाला. त्यातलं प्रत्येक विधान वेगळं तपासावं लागतं. सर्पगंधा झोप आणते म्हणणारे बरोबर निघाले, सर्पगंधा साप उतरवते म्हणणारे चुकले. आणि ही दोन्ही माणसं एकाच गावातली, कदाचित एकाच घरातली असतील.

"उपयोग नाही तर निदान अपाय तरी नाही ना?"

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही.

आबांची पुरचुंडी आजीने जपून ठेवली होती. मी त्यातल्या वाळक्या तुकड्याचा फोटो काढून वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना पाठवला. ते म्हणाले, नुसत्या वाळक्या मुळावरून खात्रीने सांगता येणार नाही, पण ईश्वरी असू शकते. ईश्वरी, म्हणजेच सापसंद. नावावरूनच कळतं, सापाचं औषध. बघा, परीक्षेची पहिली पायरी हीच आहे, समोरची वस्तू नेमकी कोणती. आम्ही त्या पायरीवरच अडकलो.

पण ती खरंच ईश्वरी असेल तर ऐका. तिच्या कुळाचं शास्त्रीय नाव अ‍ॅरिस्टोलोकिया. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. चुकून त्यांत याच कुळातली वनस्पती मिसळली होती. शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. या कुळातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाला आता माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. उगाळून एकदा दिलेली चिमूटभर मुळी आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या एक नव्हेत, हे मान्य. पण "झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक" हे विधानही तपासावंच लागतं, आणि इथे ते टिकलं नाही.

खनिजांच्या औषधांचंही तसंच. पारा, शिसं यांची भस्मं विधिपूर्वक केली की निर्धोक होतात, असं रसशास्त्र सांगतं. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. काही अमेरिकेत बनलेली होती, काही भारतात. विधी पाळला होता की नाही, हे डबी बघून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळतं.

मग सापावर चालतं काय?

प्रतिविष. सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, हळूहळू वाढवतात. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तातून वेगळी काढून शुद्ध करतात. १८९०च्या दशकात अल्बर्ट कालमेट या फ्रेंच डॉक्टरने नागाच्या विषावर हे करून दाखवलं. ज्या हाफकिनमध्ये ३१४ वनस्पती नापास झाल्या, त्याच हाफकिनचं नाव आज प्रतिविषाच्या बाटलीवर असतं. आपल्याकडचं प्रतिविष त्या चारही सापांवर एकत्र चालतं.

आणि इथे पारंपरिक ज्ञान पुन्हा येतं, वेगळ्या दारातून. प्रतिविषासाठी आधी विष लागतं. भारतातलं बहुतांश विष कुठून येतं? तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींकडून. पिढ्यानपिढ्या साप पकडणारे लोक. १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडतात, विष काढतात, साप परत जंगलात सोडतात. म्हणजे इरुळांचं सापाबद्दलचं ज्ञान अस्सल होतंच. ते नेमकं कुठे उपयोगाचं आहे, हे शोधावं लागलं.

प्रतिविषालाही परीक्षेतून सूट नाही बरं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशानुसार बदलतं. विष मुख्यतः तामिळनाडूचं आणि साप विदर्भातला, तर प्रतिविष तितकंच चालेल का? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर काम चालू आहे, आणि काही ठिकाणच्या सापांवर ते कमी पडतं असं दिसलं आहे. वनस्पतींचा शोधही थांबलेला नाही. १९९०च्या दशकात कोलकात्याच्या संशोधकांना अनंतमुळातल्या एका द्रव्याने घोणशीच्या विषाचे काही परिणाम प्राण्यांत रोखलेले दिसले. पण प्रयोगशाळेतल्या त्या वाटेवरून अजून कुठलीही वनस्पती माणसाच्या खाटेपर्यंत औषध म्हणून पोचलेली नाही.

शहाण्णव वर्षं नाही, पण जवळपास तेवढीच

१९३१ मध्ये निकाल लागला. मग आज काय स्थिती आहे? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्याआधीच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं की सर्पदंशाचे ९७ टक्के मृत्यू खेड्यांत होतात आणि मेलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्के दवाखान्यात गेलेले असतात. बाकीचे घरी, रस्त्यात, नाहीतर कोणाच्या तरी दारात. आमच्या आबांसारख्या.

लोक अडाणी आहेत म्हणून? मला तसं नाही वाटत. रात्री दोन वाजता आबांचं दार उघडं होतं. आबा पैसे घेत नव्हते, ओरडत नव्हते, नाव-गाव ओळखत होते. दवाखाना लांब, गाडी नाही, तिथे प्रतिविष असेल की नाही माहीत नाही. म्हसकरांचा अहवाल इंग्रजीत, कलकत्त्यात छापलेला. तो उमरेडच्या चुलीपर्यंत कधी पोचला? परीक्षा झाली, पण निकाल ज्यांच्यासाठी होता त्यांना कळवलाच नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. तो निकाल आता तरी पोचावा.

आबांनी पुढे काय केलं

मी आजीला विचारलं, "मग त्या पोरीनंतर आबांनी मुळी देणं बंद केलं?"

"नाई," आजी म्हणाली. "बंद केली असती तं लोकं दुसऱ्या कोनाकडे गेले असते. तो मुळी देयाचा. पन म्हनायचा, आता गाडीत बस आन्‌ रस्त्यानं चाट. मेडिकलले पोचेपर्यंत संपली पायजे. तवाच गुन येते."

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

नागपूरच्या मेडिकल कॉलेजचा रस्ता धरायला लावण्यासाठी आबांनी आपल्या मुळीचा नवा नियम तयार केला होता. लोकांचा मुळीवर विश्वास होता, डॉक्टरवर नव्हता. मग त्यांनी तो विश्वास उचलून गाडीत ठेवला. हे बरोबर होतं का? मुळीत खरंच काही घातक असेल तर? मला पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. पण म्हसकरांचं नावही न ऐकलेल्या त्या माणसाने एका पोरीच्या मरणातून तोच निष्कर्ष काढला होता, हे मात्र खरं.

जाता जाता, हे लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा. साप चावला तर माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून आवळू नका. साप मारायला थांबू नका. खूण दिसत नसली, दुखत नसलं, तरी १०८ ला फोन करा आणि निघा. आणि निंब कडू लागला म्हणून निर्धास्त होऊ नका.

तुमच्या घरातही अशी एखादी पुरचुंडी असेल. तिच्यामुळे वाचलेल्यांच्या गोष्टी तर सगळेच सांगतील. तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या गोष्टी विचारा, आणि काय ऐकायला मिळालं ते मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.